पान चौदा

बाईंना कुणाच्या शब्दावर समाधान नसे, शिक्का लागे. सरकारी ऑफिसात अर्ज दिला की त्या दुसरी प्रत पुढे सरकवायच्या. साहेबाने चहा मागवला तरी म्हणायच्या, "आधी आवकचा शिक्का, मग चहा." मखमलाबाद रोडवरच्या आमच्या सोळा घरांच्या सोसायटीत त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. नुसतं 'बाई' म्हटलं की पुरे. पिंपळगाव बसवंतच्या शाळेत जन्मभर एसटीने जाऊन-येऊन त्यांनी शिकवलं होतं. त्यामुळे कुठल्याही ऑफिसात एखादा विद्यार्थी निघायचाच. तो गडबडून उभा राहिला की बाई म्हणत, "बस रे. अक्षर सुधारलं का तुझं?"

मी त्यांच्यावर जळायचो. इतकी वर्षं हे कुणाला बोललो नाही, आता बोलतो.

आमच्या सोसायटीची जागा सरकारी, तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळालेली. माझे वडील पहिले चेअरमन. पुढे सेक्रेटरी मी झालो. पट्ट्याची मुदत संपत आल्याचं मला माहीत होतं, पण 'करू, करू' म्हणत दोन वर्षं गेली आणि मुदत संपली. आता पट्टा वाढवून मिळेपर्यंत कुणालाच घर विकता येईना की दुसऱ्याच्या नावावर करता येईना. सभेत एकाने विचारलं, "सुनीलराव, अंबडच्या कंपनीत तुम्ही स्टोअरकीपर. तिथला एक नटबोल्ट हरवत नाही म्हणता, मग आमची मुदत कशी हरवली?" सगळे हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फाइल माझ्याकडे द्या. मी रिकामीच असते."

त्यांचं ते न हसणं मला जास्त झोंबलं.

फाइल मी दुसऱ्या दिवशी दिली. देण्याआधी तिच्यातून एक कागद काढून कपाटात ठेवला. ताबा पावती. जागा सोसायटीच्या ताब्यात कुठल्या दिवशी आली ते सांगणारा, वडिलांच्या सहीचा एवढा एकच कागद होता, आणि पट्टा त्याच दिवसापासून मोजायचा होता. मला सोसायटीचं वाईट करायचं नव्हतं. मनात एवढंच, की बाई दोन-तीन आठवडे धावतील, दमतील आणि मग येऊन म्हणतील, "सुनील, हे तुम्हालाच जमेल."

बाई आल्या नाहीत. आठ महिने त्या पावतीची नक्कल शोधत फिरल्या. पर्समध्ये दम्याचा पंप, पिशवीत डबा. रेकॉर्ड रूमचा शिपाईही त्यांना "बाई, आज जिना चढू नका, मी खाली येतो" म्हणायला लागला. परत येताना त्या आमच्या अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी टेकायच्या आणि दिवसभराची हकिकत अशी सांगायच्या की आई खुदूखुदू हसायची. माझ्या बोलण्यावर आई कधी तशी हसली नाही. बाई गेल्या की म्हणायची, "सुन्या, बाईंच्या पायाचं तीर्थ घे जरा." मी उगाच पंख्याचं बटण चाचपत राही.

एका संध्याकाळी मी आतल्या खोलीत असताना बाईंचा आवाज आला. नेहमीपेक्षा खाली. "डॉक्टर म्हणतात, हृदयाचं खरं नाही. माझं काही नाही हो, पण कुसुमवन्संचं काय?" कुसुमआत्या ही त्यांची नणंद. लग्न न झालेली, चाळीस वर्षं त्यांच्याच घरात. बाईंच्या मुलाला घर विकून पुण्यात मोठा फ्लॅट घ्यायचा होता. "मृत्युपत्र केलं तर तो त्यांना कोर्टात ओढेल. मी जिवंत आहे तोवर बक्षीसपत्र करून घर त्यांच्या नावावर करायचंय. पट्टा वाढला की दुसऱ्या दिवशी."

सकाळी मी पावती नेऊन दिली. "वडिलांच्या कपाटात सापडली," म्हणालो.

बाईंनी चष्मा लावला. पावतीच्या कोपऱ्यात वडिलांच्या अक्षरात पान नंबर होता, चौदा. फाइलमध्ये तेरानंतर एकदम पंधरा येत होतं. जन्मभर पुरवण्या मोजून घेतलेल्या बाईला हे पहिल्याच दिवशी दिसलं असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "बरं झालं सापडली. आईंना मी सांगते, त्यांना आनंद होईल."

त्यांनी आईला सांगितलं. पुढच्या सभेतही सांगितलं, "पावती सुनीलनी शोधून दिली, नाहीतर मला कुठलं जमायला." टाळ्या झाल्या. मी उठून नमस्कार केला. त्या टाळ्यांसाठीच तर मी सगळं केलं होतं. आणि त्यासुद्धा बाईंनीच दिल्या होत्या, म्हणून मला पुन्हा त्यांचा राग आला.

पट्टा वाढून आला. बक्षीसपत्रासाठी रजिस्ट्रार ऑफिसची मंगळवारची वेळ मिळाली. बाई शनिवारी गेल्या.

अंत्ययात्रेला पिंपळगावहून टेम्पो भरून माणसं आली. माझ्या वडिलांच्या वेळी एवढी नव्हती, हा विचार मला तिथेही शिवून गेला.

दोन महिन्यांत मुलाने घर विकलं. पट्टा वाढलेला, त्यामुळे अडचण काहीच आली नाही. कुसुमआत्याला त्याने पुण्याला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी ती एक पिशवी आणि तुळशीची कुंडी घेऊन गाडीपाशी उभी होती. कुंडी गाडीत मावत नव्हती. ती तिने माझ्या हातात दिली, बरोबर सोसायटीची फाइलही. "वहिनी म्हणाली होती, सुनीलकडेच द्या. तो नीट सांभाळेल."

मग म्हणाली, "तुम्ही तो कागद शोधून दिलात, भाऊ. आठ दिवस आधी सापडला असता तर मी इथेच राहिले असते. पण त्याला तुम्ही तरी काय करणार."

मी म्हणालो, "हो ना."