आबांचा अंगठा आणि माझा साचा

आमच्या कातारकामात हातापेक्षा पायाला काम जास्त. हे सांगितलं की लोक हसतात. हसोत. कल्याणात आमच्या घराची ओटी हेच दुकान. जमिनीत दोन खुंट, त्यांच्यामध्ये आडवं लाकूड. उजव्या हातानं दोरीची कमान मागेपुढे ओढली की ते लाकूड गरगर फिरतं, डावा हात पटाशी लावतो आणि पायाचा अंगठा त्या पटाशीला हलू देत नाही. मी लाटणी आणि पाळण्यावरचे लाकडी पोपट करायचो. माझ्या लाटण्याला एका बाजूला पोट असायचं. बायको म्हणायची, "तुमच्या लाटण्यानं पोळी लाटावी लागत नाही, ती आपली आपणच पळून जाते."

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, टाकांच्या दांड्या करायचे. बोरू मागे पडून पोलादी टोकाचे टाक आलेले, आणि ठाण्याच्या कचेरीतल्या कारकुनांना साधी दांडी चालेनाशी झालेली. आबा हेदीच्या पिवळ्या लाकडाच्या दांडीत तिरपी खाच पाडायचे, तीत म्हशीच्या शिंगाची पातळ चकती सरस लावून बसवायचे आणि वाळली की दांडी पुन्हा कातायचे. मग त्या पिवळ्या दांडीभोवती अशी काळी रेघ फिरायची की टाक हातात घेणारा लिहायचं सोडून तो फिरवतच बसायचा.

खाच पाडताना मात्र दांडी धरायची पायात. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दांडी, आणि करवत अंगठ्याला अगदी खेटून. आबांचा बाप तसंच करायचा, त्याचाही बाप तसंच. आमच्या घरात अंगठ्यावर वण नसलेला पुरुष म्हणजे आळशी पुरुष. माझा अंगठा गोरापान होता.

त्या पावसाळ्यात आबांना एक बारीकशी जखम झाली ती दिवाळीपर्यंत भरली नाही. वैद्यबुवा आले, त्यांनी पाय पाहिला, टाचेला काडी टोचली. आबा दुसरीकडेच बघत होते.

"टोचलं का?"

"काय टोचलं?"

वैद्यबुवांनी मग मोरीत मुंग्या लागतात का विचारलं. आई म्हणाली, रांगा लागतात. ते म्हणाले, "मधुमेह आहे. पाय बधिर झालाय. आता परत कापलंत तर जखम भरायची नाही. आधी पाय जाईल, मग तुम्ही."

"म्हणजे मी करू काय?"

"नामस्मरण करा."

वैद्यबुवा पायरी उतरले नसतील तोच आबांनी दांडी उचलून पायात धरली. आई रडायला लागली आणि मी छाती फुगवून बोलून गेलो, "आबा, मी असा साचा करतो की पाय लागणारच नाही. लाकूड लाकडाला धरेल."

आबांनी माझ्याकडे, मग माझ्या लाटण्यांकडे पाहिलं. "कर बाबा. तेवढंच तुझं मन रमेल."

रेल्वेच्या कारखान्यात मी एकदा लोखंडी जबडा पाहिलेला. मळसूत्र फिरवलं की तो लोखंडसुद्धा आवळून धरतो. तसाच मी लाकडाचा केला, पाटावर ठोकला आणि दांडी घालून सगळा जोर लावला. कट्ट आवाज झाला.

आबा म्हणाले, "टाक हवा होता रे, पापड नको."

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो. बाभळीच्या ठोकळ्यात लांब पन्हळ पाडली, दांडी तिच्यात निजवली, वरून पाचर मारली आणि करवतीला वाट म्हणून ठोकळ्यात तिरपी फट ठेवली. करवत कुठं थांबवायची एवढंच ठरवायचं विसरलो. दांडी कापली, तिच्याखालचा ठोकळाही कापला, आणि बायकोनं हाक मारली नसती तर घराची जमीनही कापत गेलो असतो.

तिसऱ्या साच्यात फटीच्या तळाशी लोखंडाची पट्टी बसवली. करवत पट्टीवर आली की किर्र वाजून थांबायची. खाच सरळ, खोली नेमकी, माझे हातपाय शाबूत. आबांनी तो साचा उलटासुलटा करून पाहिला, पाचर काढून परत घातली. "बरा आहे," म्हणाले. जन्मात त्यांनी मला दिलेली ही पहिली शाबासकी. मी गल्लीत दोन फेऱ्या मारून आलो.

मग आबा साच्यापाशी बसले. करवत लावली. आणि त्यांचा डावा पाय हळूच मांडीखालून निघाला, ठोकळ्यावर चढला आणि अंगठा बरोबर फटीवर येऊन बसला.

"आबा, पाय!"

"अरे! मी कुठं आणला त्याला?" त्यांनी हातानं उचलून पाय मागं ठेवला. दोनदा करवत ओढली, की पाय परत हजर. लाकूड हललं तर, म्हणून तो आयुष्यभर असाच धावून आलेला. लाकूड आता हलत नाही हे आबांना कळत होतं, पायाला कोण सांगणार?

मी कुठून तरी एक जुना बूट आणला. आबा म्हणाले, "साहेब केलंस मला." बुटासकट पाय चढला आणि साचा लाथेनं अंगणात गेला. मग आईनं लुगड्याच्या पट्टीनं पाय खांबाला बांधला. तसे ते चार-सहा दिवस बसले. पण पाय बांधला की त्यांची करवत थरथरायची. खाच साचाच सरळ पाडायचा म्हणा, आबा नुसते हात हलवायचे.

एके दुपारी मी लाकूड आणायला खडवलीला गेलेलो. परत आलो तर लुगड्याची पट्टी खांबाशी सुटलेली आणि आबा मन लावून काम करत होते. चेहरा कसा प्रसन्न! मला म्हणाले, "बघ, आता जमतंय." आई पाणी घेऊन आली आणि तिच्या हातातून तांब्या पडला. ठोकळ्यावरून रक्ताचा ओघळ चटईत जिरला होता. अंगठा फटीत होता. त्यांना पत्ताच नव्हता.

जखम भरली नाही. काळी पडत वर सरकली. ठाण्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, घोट्याच्या वर कापावा लागेल. आबा मला म्हणाले, "त्यांना तुझा साचा नेऊन दे. सरळ तरी कापतील." मी हसलो. आई उठून बाहेर गेली. आबांनी पाय कापू दिला नाही. पाय नसलेला कातारी कुठं असतो, एवढंच ते डॉक्टरांना विचारत राहिले आणि डॉक्टरांना ते काही समजेना.

मग त्यांचं अंथरूण आम्ही ओटीवरच घातलं. मी साच्यावर त्यांच्या दांड्या करायचो, ते भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि नुसत्या आवाजावरून बोलायचे. "पाचर ढिली आहे." "अरे, घाई कुणाची?" "करवतीला तेल लाव, गाढवा." मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. शिव्या चालू होत्या तोवर घर चालू होतं.

पुढं त्या कमी झाल्या. वास मात्र वाढला. एका सकाळपासून ते काहीच बोलले नव्हते. मला राहवेना. मी चांगली दांडी घेतली, पाचर मुद्दाम ढिली ठेवली आणि करवत खडाखडा, वेडीवाकडी ओढली. असला आवाज त्या ओटीवर कधी झाला नसेल. खाच फाटली. कान पिळायला ते आता उठून बसतील म्हणून मी तयारच होतो.

आबांचे डोळे उघडे होते. त्यांनी मान वळवली, माझ्या हातातली ती फाटकी दांडी पाहिली.

"छान झालीये," म्हणाले, आणि परत भिंतीकडे वळले.