सूर्याला गिलावा करणारा मामेभाऊ

खरं बोलून स्वतःचं इतकं नुकसान करून घेतलेला माणूस आमच्या सबंध गोतावळ्यात माझ्या मामेभावाखेरीज दुसरा नाही. नाशिकजवळ मखमलाबादला मामांचा फुलांचा आणि भाजीपाल्याचा मळा. हा मात्र दूरच्या एका संस्थेत संलयन ऊर्जेवर पीएच.डी. करत होता. सूर्याच्या पोटात जे चालतं ते यंत्रात घडवायचं, त्यातून वीज काढायची, आणि याने त्या यंत्राच्या भिंतीला धग सोसणारा लेप शोधायचा. "म्हणजे गिलावा," मामी म्हणाली. हा प्रामाणिकपणे "हो" म्हणाला आणि गावभर गवंडी ठरला.

पुढे भारनियमनाने नाशिकला घाम फोडला, तेव्हा हा सुट्टीवर आला की पंप बंद पडल्याचा जाब लोक त्यालाच विचारत. तुझी वीज कधी येणार? पन्नासेक वर्षं लागतील, असं तो शांतपणे सांगे. मनमाडला आम्ही मुलगी बघायला गेलो, तर मुलीच्या रेल्वेतल्या वडिलांनी विचारलं, यंत्र चालतं का? "चालतं ना," हा पोहे खात म्हणाला, "अर्धा सेकंद." पुढच्या गाडीने आम्ही परत.

सहाव्या वर्षी त्याच्या लेपाचे पापुद्रे सुटले. सगळी मेहनत वाया गेली म्हणून हा बॅग घेऊन घरी आला आणि मामांबरोबर फुलबाजारात बसू लागला. तिथेही गिऱ्हाइकाला आपणहून सांगायचा, हा झेंडू कालचा आहे. तिसऱ्या दिवशी मामांनी त्याला बाजूला घेतलं.

"खालच्या पाणथळ तुकड्यात मी चार वर्षं गुलाब लावला. दरवेळी मेला. आता गावात पाणथळीत कोणी गुलाब लावत नाय. मग माझं फुकट गेलं का? तुझा गिलावा का पडला, ते लिही जा."

तो गेला. लेप का टिकला नाही यावरच त्याने प्रबंध लिहिला, आणि तो मंजूर झाला. जाडजूड इंग्रजी पुस्तक मामांनी मांडीवर घेतलं, उलटसुलट चाळलं आणि विचारलं, "माझ्या गुलाबाचं लिहिलंस का यात?"

याने पुस्तक घेऊन मधलंच एक पान उघडलं. मग म्हणाला, "लिहिलंय ना. चाळिसाव्या पानावर."

मामांनी त्या पानाचा कोपरा दुमडला आणि येईल त्याला ते उघडून दाखवलं. आता मामा नाहीत, आणि हाही परदेशात असतो. परवा मळ्यात गेलो तेव्हा मी ते दुमडलेलं पान पाहिलं. त्यावर नुसता एक आलेख आहे.