बुधाजीचं मत

खारेपाटातल्या त्या गावात नवं आगरी गाणं आलं की त्याचा निकाल बुधाजी लावायचा. बंदरावर ट्रेलर चालवण्यात हयात गेली, केबिनमध्ये सतत गाणी वाजत राहिली, तेवढ्यावर तो स्वतःला जाणकार समजायला लागला होता. गुडघे गेल्यावर ट्रेलर सुटला, मग नाक्यावरच्या चहाच्या टपरीत त्याची बैठक जमली. लग्नसराईच्या तोंडावर अल्बम यायला लागले की लोक मोबाइल त्याच्यापुढे धरत.

"ही बाई गाते, का भाकरी करपली म्हणून बोंबलते?" तो विचारायचा, आणि टपरी हसायची.

त्याची बायको सगुणा हे हसणं फार आधीपासून ओळखत होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दिराच्या हळदीत ती धवले म्हणायला बसली होती. आईकडून कानांनी उचललेली हळदीची गाणी. पहिलं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा बुधाजी मांडवातून म्हणाला, "बस कर. नवरदेव पळून जाईल." बायका पदराआड हसल्या. सगुणा उठली आणि मागच्या दारी भांडी घासायला गेली. त्यानंतर कुणाच्याही हळदीत ती मागच्या दारीच असायची.

भांडी घासताना मात्र ती गुणगुणायची. शेजारची रचना पेणच्या एका स्टुडिओत कामाला होती, तिनं ते ऐकलं. गावातल्या जुन्या बायकांना घेऊन ती धवल्यांचा अल्बम करत होती. "काकी, एकच गाणं म्हणा. तुमचं नाव टाकणार नाही," असं महिनाभर तिच्या मागे लागली. शेवटी बाजाराचं निमित्त करून सगुणा पेणला गेली आणि काचेच्या खोलीत उभी राहून गायली.

अल्बम आला तो त्या वर्षी प्रत्येक मांडवात वाजला. बुधाजीनं तो टपरीवर ऐकला आणि घरी आल्यावरही लावला. पाटावर बसून, डोळे मिटून तो सगुणाचं गाणं ऐकत राहिला.

"याला म्हणतात आवाज," तो म्हणाला. "कोन म्हातारी हाय कोन जाणे. असली बाई आपल्या गावात न्हाय."

सगुणा चुलीपाशी होती. हातातलं उलथणं तिनं खाली ठेवलं. पुढचे काही दिवस ती केस नीट विंचरून अंबाडा घालायची, आणि एकदा तर नवी साडी नेसून पाणी भरायला गेली. मग न राहवून तिनं सांगितलं, "ती म्हातारी मी हाय."

बुधाजीनं ताट पुढे ओढलं. जेवला, हात धुतले, झोपला. दुसऱ्या दिवशी टपरीवर त्याचं मत बदललं होतं. "हल्ली मशीनमध्ये घातलं का गाढवाचीबी कोकिळा होते. आमच्या घरातल्या गाढवाचीच झाली." हसायला सगळे होतेच. संध्याकाळपर्यंत ते तिच्या कानावर आलं.

पुढच्या वर्षी स्टुडिओच्या मालकानं ते गाणं एका विनोदी सिनेमाला विकलं. श्रीवर्धनला शूटिंग झालेला हलकाफुलका सिनेमा, घरजावई आणि त्याच्या सासूची धमाल. मुलगी क्रांती दोघांना पनवेलला घेऊन गेली. पडद्यावर लठ्ठ सासू सुपारीच्या वाडीत चिखलात घसरली, पुन्हा उठली, पुन्हा आपटली, आणि मागे सगुणाचा आवाज वाजत होता. थिएटर खदखदून हसलं. बुधाजीला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मध्यंतरात त्यानं मत दिलं, "आता कुठं गाणं जागेवर बसलं."

क्रांतीही हसली होती. ते सगुणानं पाहिलं.

सिनेमा चालला, आणि ते गाणं आपल्या घरातलं आहे हे बुधाजी आता मिरवायला लागला. क्रांतीच्या हळदीला त्यानं व्याह्यांना मुद्दाम बोलावलं. मांडव भरल्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "सगुणा, बस. ते सिनेमातलं होऊ दे."

"बसते," ती म्हणाली. "आधी तुमी सांगा, आवाज कसा हाय."

तो हसला. बाकी कुणी हसलं नाही. व्याही त्याच्याकडे बघत होते.

"चांगला हाय," तो म्हणाला.

"मोठ्यानं सांगा."

"चांगला हाय. पहिल्यापासून चांगला हाय." त्याची मान खाली गेली.

सगुणानं हळदीची वाटी खाली ठेवली. "मला न्हाय पटत," ती म्हणाली आणि मागच्या दारी गेली.

क्रांती हळदीच्या अंगानं तिच्या मागे आली. "आई, बाबांवरचा राग माझ्या हळदीत कशाला? एक गाणं म्हण. माझ्यासाठी."

"डीजे लाव," सगुणा म्हणाली. "माझ्या गाण्यावर थेटरात हसून झालंय तुझं."

बोलून झाल्यावर पोरीचा चेहरा तिला दिसला. शब्द मागे घ्यावेत असं वाटलं. पण घेतले नाहीत. हळद डीजेवर झाली. पाठवणीच्या वेळी क्रांती बापाच्या गळ्यात पडून रडली आणि आईच्या नुसती पाया पडली.

आता क्रांतीचा फोन येतो तो बापाला. नवा अल्बम, नवा सिनेमा, काय वाटलं, असं दोघांचं अर्धा अर्धा तास चालतं. बुधाजी मतं देतो आणि पलीकडून हसू ऐकू येतं. सगुणा ओट्यापाशी कोलंबी सोलत उभी असते. फोन ठेवताना तो सांगतो, "आई बरी हाय." क्रांतीनं विचारलेलं असतं की तो आपल्या मनानं सांगतो, हे सगुणानं त्याला कधी विचारलेलं नाही.