ऊरपटावरची नावं

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते मार्थाबाईंचं. परभणीच्या ख्रिस्ती वसतिगृहात त्या आम्हा मुलांना सांभाळत. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी झालो, तो त्यांच्यामुळे. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्या बायबलातल्या महायाजकाविषयी, म्हणजे मुख्य पुरोहिताविषयी, सांगत. पवित्रस्थानात जाताना तो छातीवर ऊरपट बांधी आणि त्यातल्या रत्नांवर इस्राएलाच्या सगळ्या वंशांची नावं कोरलेली असत. "देवापुढं तो एकटा जात नसे रे, सगळ्यांना काळजावर घेऊन जाई," असं त्या म्हणत. मला ते फार आवडे. पण याजकाचं काम चर्चच्या पाळकसाहेबांचं, आपण मागं बसून आमेन म्हणावं, अशीच माझी समजूत होती.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या अस्वस्थ दिवसांत मी पेडगावात शिक्षक होतो. आई तापानं फणफणली, तिला धाप लागली. गावोगाव तणाव होता, एसटी बंद होती. परभणीहून पाळकसाहेब येणं शक्य नव्हतं आणि आईला मरणापेक्षा त्याचीच भीती जास्त होती. "डोक्यावर हात ठिवून कुणी माझं नाव देवाला सांगितलं न्हाई, तर तो वळखंल का रे मला?" ती पुन्हा पुन्हा विचारी. 

तेवढ्यात दाराशी बैलगाडी थांबली. गावातले शेतकरी कोंडिबाकाका होते. त्यांची गाडी गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीत कधी आली नव्हती. "मास्तर, बघत काय बसलाव? म्हातारीला घाला गाडीत. दवाखान्यात नेऊ." त्या दिवशी ते का आले, हे विचारायला वेळ नव्हता; मी आईला उचलून गाडीत निजवलं.

वाटेत आई म्हणाली, "तूच कर प्रार्थना."

"आई, मी काय पाळक हाय?"

"बीए झालास ना? मग येवढं बी येईना?"

कोंडिबाकाका खुदकन हसले. मी आईच्या डोक्यावर हात ठेवला, पण पाळकसाहेबांसारखी प्रार्थना मला येत नव्हती. मग ऊरपट आठवला आणि मी नुसती नावं घेऊ लागलो. आईचं, भावाबहिणींचं, शेजारच्या चंद्राबाईचं.

"ती भांडखोर कशाला?" आई डोळे न उघडताच म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "बरं, घे. तिचे बी गुडघे लय दुखतेत."

कोंडिबाकाकांनी कासरा सैल सोडला. मागं न बघता म्हणाले, "मास्तर, माझ्या लेकीचं बी घ्या. सखू. पहिलटकरीण हाय, लय भ्यायलीय."

मी सखूचं नाव घेतलं.  आईची माझ्या मनगटावरची पकड हळूहळू सैल झाली आणि ती शांत झोपली.

जुन्या काळी याजकपण जन्मानं मिळे, लेवीच्या वंशाला. येशू त्या वंशातला नव्हता. तरी स्वतःचंच अर्पण करून तो आमचा महायाजक झाला आणि आजही आमच्यासाठी देवापुढं उभा आहे. जन्मावरून ज्यांना कायम दाराबाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी ही केवढी सुवार्ता! आईचं नाव त्याच्या ऊरपटावर आधीपासूनच होतं. मी ते फक्त त्याच्या मागं उभा राहून उच्चारलं. त्या दिवसापासून मी माझी लायकी मोजणं सोडलं आणि सगळं त्याच्यावर सोपवलं.

घरी परतल्यावर मी मार्थाबाईंना पत्र पाठवलं:

"आदरणीय बाई, प्रभूमध्ये सलाम.

आई बरी आहे. पाळकसाहेब दवाखान्यात आले, तेव्हा त्यांना म्हणाली, 'तुमाला उशीर झाला, पोरानं उरकलं.' सखूला मुलगी झाली. कोंडिबाकाका जिलेबी घेऊन वस्तीत आले, चंद्राबाईकडंही गेले. शाळेत जाण्याआधी मी रोज सगळ्यांची नावं घेतो. पहिलं तुमचं असतं. आणखी कुणाचं घ्यायचं असेल तर कळवा. जागा आहे.

तुमचा मुलगा."