नारू गेला, फडकं राहिलं

आज जीव नुसता शिणलाय. सकाळी सून म्हणाली, "आत्याबाई, फिल्टरचं पाणी हाय ना? मंग माठाला फडकं काहून बांधता?"

मी घोट्यावरचा नारूचा व्रण दाखवला.

सत्तरच्या दशकात औंढ्याकडच्या आमच्या गावात पायऱ्यांची एकच विहीर होती. मायच्या पायातून दोऱ्यासारखा नारूचा किडा निघत होता. आग व्हायची म्हणून ती विहिरीच्या पाण्यात पाय सोडून बसायची, मग तिथूनच घागर भरायची. पायातून सुटलेली नारूची पिल्लं त्या पाण्यातून पिणाऱ्याच्या पोटात जातात, साध्या फडक्यानं गाळलं तरी टळतं, हे आम्हाला कुठं ठाऊक!

पुढच्या वर्षी नारू माझ्या पायातून निघाला. माय रडत म्हणाली, "चल बाई, पाण्यात पाय सोड. बरं वाटंल."

मी सोडला. खरंच बरं वाटलं.

आता तुम्हीच सांगा, फडकं काढून टाकू?