खरेदीची तारीख

नियम मला ठाऊक होता, तरी मी चुकीची तारीख लिहिली. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझी बाजू घेणार नाही.

मामा ऑफिसात शिरले की पंखा हळू करत आणि म्हणत, "ऑडिटरराव, सावकाश होऊंदे." कुंभकोणमला कराची कामं करणारा प्रत्येक जण ऑडिटरच. मामा माझ्या नात्यातले नव्हते. आम्हा तंजावरी मराठी घरांत वडील माणसाला असंच म्हणतात. मामी गेल्यावर त्यांच्याशी मराठी बोलणारं घरात कुणी उरलं नव्हतं. लहानशा कामालाही ते बराच वेळ बसत.

मामी तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांना गोंडे बांधून देत. त्या कमाईतून त्यांनी एका कुकर कंपनीचे शेअर घेतले होते.

"ती म्हणे, शिट्टी वेळेवर देतो, मालक लबाड नसेल."

"आणि तुम्ही?"

"मी तिला वेडी म्हटलं. भाव चढला, मग जन्मभर टोमणे खाल्ले."

त्यातले थोडे शेअर मामांनी मामींच्या वर्षश्राद्धासाठी विकले. "तिचं कार्य तिच्याच पैशानं," म्हणाले.

जुलैअखेरीस ते ब्रोकरचं भांडवली नफ्याचं पत्रक घेऊन आले. शेअर मामींच्या खात्यातून मामांच्या खात्यात आले, तोच दिवस त्यात खरेदीचा म्हणून छापला होता. वारशाच्या शेअरांना मूळ खरेदीची तारीख धरायची असते; मग ते जुने ठरतात आणि कर कमी लागतो. मामांनी मामींची पावतीही पुढे केली. पण ती धरली की पत्रकाशी आकडे जुळत नव्हते, खुलासा लिहावा लागला असता, आणि बाहेर माणसं खोळंबली होती.

"कागद जुळायला हवेत, मामा."

"पण हे मी घेतले नव्हेत. ती गेली, त्या दिवसांत मी उंबऱ्याबाहेरही पडलो नाही, ऑडिटरराव."

"फॉर्ममध्ये तसंच येतं."

"सरि," तमिळमध्ये 'बरं' एवढंच म्हणाले. कर जास्त भरला, कुरकुर केली नाही. पण पुन्हा आले नाहीत. दिवसभर तमिळ बोलता बोलता माझं लक्ष दाराकडे जाई.

डिसेंबरात, मुदत संपायच्या आत, सुधारित विवरणपत्र तयार करून मी त्यांच्या घरी गेलो. ते दारातच उभे राहिले. आत रेडिओ मोठ्याने चालू होता, ऐकायला कुणी नव्हतं.

"थोडा कर परत मिळेल," मी म्हणालो.

"पैशाचं नव्हे रे."

"ठाऊक आहे, मामा. शेअर मामींनी घेतले होते. मला तेव्हाही कळत होतं. घाईपायी मी त्यांचं घेणं पुसून टाकलं. चुकलो. माफ करा."