मामाला ऐकू न येणारं संगीत

आमच्या चळवळीच्या गटाची फिल्म बारा मिनिटांची आणि तिचं म्हणणं एका वाक्याचं: पॉवरलूमच्या आवाजानं बुऱ्हाणपूरचे कारागीर बहिरे होतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. वाक्य माझ्याच पत्रकातलं. पत्रकं मी लिहायची, शनवाऱ्याच्या चौकात मीच वाटायची, आणि लोक त्यात भजी बांधून न्यायचे तेव्हा चिडायचीही मीच. फिल्मचं संगीतही माझ्याकडं आलं, कारण कॉम्प्युटरवर सूर जुळवायचा नाद गटात मला एकटीलाच.

आठवडाभर बुऱ्हाणपुरातल्याच लालबागच्या घरी हेडफोन लावून बसले. कारुण्य हवं म्हणून काचेच्या तारेसारखा बारीक, उंच सूर काढला. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. फिल्म करणारा मित्र म्हणाला, "चांगलं आहे. पण असं शंभर ठिकाणी ऐकलंय."

मी त्याला बुर्झ्वा म्हटलं.

"म्हण. रविवारी कारागिरांना दाखवायचीय. तोवर तुझं स्वतःचं काही आलं नाही, तर नेटवरची फुकटची बासरी लावीन."

बहिऱ्या माणसांच्या फिल्मला फुकटची बासरी. मी तडक बुधवारा मोहल्ल्यात मामाकडं गेले. फिल्ममध्ये बोलणारा कारागीर तोच. त्याचा जन्म लूमसमोर गेलाय. त्याला फिल्म दाखवली. बघून झाल्यावर तो नेहमीसारखा ओरडूनच म्हणाला, "मस्त झाली. म्युझिक कधी टाकणार?"

"मामा, टाकलंय ना."

"किधर?"

स्वयंपाकघरातून मामी ओरडली, "टाकलंय हो. ते डासासारखं काय चालू होतं, तेच."

आधी मला मामाचाच राग आला, हे कबूल करते. मग स्वतःचा. उंच सूर लूमनं त्याच्या कानातून केव्हाच नेले होते, हे मीच ठळक अक्षरांत छापलं होतं. छापताना कळतं, सूर लावताना कळत नाही, असली मी कार्यकर्ती.

दुसऱ्या दिवशी कीबोर्डच त्याच्या घरी नेला. डावीकडून एकेक पट्टी दाबत गेले.

"हे येतं?"

"येतं."

"हे?"

"येतं रे बाबा, पुढं चल."

एका पट्टीवर मामा नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहिला. तिथं पेन्सिलनं खूण केली. खुणेच्या उजवीकडं जायचं नाही, एवढा एकच नियम.

उरलं ते सगळं खालचं. त्यात रडता येईना. बसक्या आवाजाचं, कुरकुरणारं, मधूनच धक्का मारणारं काहीतरी तयार झालं. भांडखोर. म्हणजे मीच, पण पहिल्यांदा पत्रकाबाहेर.

मामानं स्पीकरवर हात ठेवून ते पूर्ण ऐकलं. "हे बरं आहे. पण इथं मी बोलतोय, तर तू मधी मधी कशाला बोलते?"

तेवढं कापलं. मित्राला पाठवलं तर त्याचा मेसेज: "मोबाइलवर काहीच ऐकू येत नाही."

इतके खालचे सूर मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला झेपत नाहीत. मी लिहिलं, "मग आज तू बहिरा."

रविवारी गल्लीत पडदा लागला, वरातीत वाजणारे दोन मोठे स्पीकर लागले. माझा पहिला सूर निघाला तसा मामानं शेजारच्या कारागिराला कोपरानं ढोसलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "आलं का?"

"आलं," तोही तितक्याच जोरात.

मागच्या रांगेतून, कुणी न विचारता, "इकडं बी आलं."

पडद्यावरचं मामाचं कळकळीचं भाषण या गलक्यात बुडून गेलं. मित्र कपाळाला हात लावून बसला. मी आवाज आणखी वाढवला.